दार नसलेल्या घरातला ऊद

माझ्याकडे पुरुषांच्या सेंटच्या एकेचाळीस बाटल्या आहेत आणि आमच्या घराला दार नाही. माझी गेल्या नऊ-दहा वर्षांची सगळी डोकेदुखी या एका वाक्यात आली.

शिंगणापुरात घराला दार बसवत नाहीत. चौकट असते, पडदा असतो, रात्री कुत्री आत शिरू नयेत म्हणून आडवी फळी लावतात. कडी नाही, कोयंडा नाही, कपाटाला कुलूप नाही. दर्शनाला आलेले लोक हे बघून डोळे विस्फारतात, पडद्याचे फोटो काढतात आणि विचारतात, "खरंच चोरी होत नाही?" नाही होत. माझ्या आयुष्यात आमच्या घरातून सुतळीचा तोडासुद्धा गेलेला नाही. पण "बघू रं, एक फुसकन मारून" ही चोरी नाही, असं आमच्या सगळ्या भावकीचं ठाम मत आहे. शनिदेव चोराला बघून घेतात. फुसकन मारणाऱ्याचं ते काही करत नाहीत.

मी जवळच्या साखर कारखान्यात केमिस्ट आहे. गळिताच्या हंगामात आठ-आठ तास मळीच्या वासात उभं राहायचं, घरी येऊन दोनदा अंघोळ करायची, तरी उशीला मळीचा वास. एकदा कामासाठी पुण्याला गेलो होतो, तेव्हा एका मोठ्या दुकानातल्या विक्रेत्याने कागदाच्या पट्टीवर फवारा मारून ती माझ्या हातात दिली. मी ती शर्टाच्या खिशात टाकली आणि विसरलो. गाडीत बसलो तेव्हा खिशातून लिंबाच्या सालीचा वास येत होता. नगर येईपर्यंत त्याची मिरी झाली होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खुंटीवरच्या त्याच शर्टाला जुन्या लाकडी पेटीचा वास होता. एकच पट्टी आणि तीन वास. केमिस्ट्री शिकलेल्या माणसाला याचं नवल वाटायला नको, पण मला वाटलं. तिथून जे लागलं ते लागलंच.

हे समजून घ्यायची मात्र कुणाची तयारी नाही. गावाच्या दृष्टीने सगळं एकच, 'सेंट'. माझ्याकडे थंडीत वापरायच्या वेगळ्या बाटल्या आहेत आणि उन्हाळ्यात वापरायच्या वेगळ्या, हे मी एकदा पारावर बोलून गेलो. त्यानंतर वर्षभर लोक मला "आज कंचा हंगाम?" असं विचारत होते. लग्नसराईत भावकीतला प्रत्येक नवरदेव हळदीच्या आदल्या दिवशी आमचा पडदा बाजूला करून आत येतो. माझे दाजी दिवाळीत आले की शर्टाच्या पुढून, मागून आणि बनियनच्या आत मिळून डझनभर फवारे मारतात आणि वर म्हणतात, "टिकत न्हाई राव तुमचा माल." एकदा बायकोने पाहुणे यायच्या आधी फ्रान्सची बाटली मोरीत मारली. मी कपाळावर हात मारला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "अहो, एका माणसाला अंग तरी किती असतं? एकेचाळीस बाटल्या मारायच्या कुठे?" 

आमचा संग्राहकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. पुण्याचे, नाशकाचे, एक-दोघे नागपूरचे. तिथे लोक सांगतात, बाटल्या अंधारात ठेवा, गार ठेवा, कुलपात ठेवा. आमच्या पत्र्याच्या खोलीत एप्रिलमध्ये साधी मेणबत्ती उभी राहत नाही. शेवटी मागच्या मातीच्या खोलीत, धान्याच्या कोठीशेजारी लोखंडी पेटी ठेवली आणि तिच्यावर गोधडीची घडी टाकली. पेटीला कुलपाची कडी होती. पेटी घरात येण्याआधीच आबांनी ती कडी छिन्नीने तोडून टाकली.

आबा म्हणजे माझे वडील. चार गायी त्यांनी एकट्याने सांभाळल्या, सत्तरी ओलांडली तरी. आमच्याकडे मुरघास करतात, म्हणजे हिरवा मका कुट्टी करून खड्ड्यात दाबून आंबवतात आणि उन्हाळ्यात गायींना घालतात. खड्डा उघडला की आतला माल चांगला आहे की बिघडलाय, हे वासावरून कळतं. चांगल्याला आंबटगोड वास येतो, बिघडलेल्याला कुजका. पण अधला-मधला माल असतो तो भल्याभल्यांना कळत नाही, आणि तो गायीच्या पोटात गेला की गाय आजारी पडते. पंचक्रोशीत कुणी खड्डा उघडला की आधी आबांना बोलावणं यायचं. आबा एक मूठ घ्यायचे, चोळायचे, नाकाशी धरायचे आणि "घाल" किंवा "उकिरड्यावर टाक" एवढंच बोलायचे. त्यावर कुणी दुसरं मत विचारत नसे.

असल्या माणसाला माझा छंद पटणं शक्यच नव्हतं. त्यांच्या मते वास हा कामाचा असतो. अंगाला चोपडायचा नसतो.

माझ्या पेटीत एक बाटली होती ऊदाची. आसामकडे एक झाड होतं, त्याच्या आतलं लाकूड बुरशीने सडतं आणि त्या सडक्या लाकडाचं तेल काढतात, तो हा ऊद. ज्या कंपनीने ही बाटली केली तिने ती बनवणं बंद केलं. आता बाजारात त्या नावाने जे मिळतं ते नुसतं साखरपाणी. नाशिकच्या एका संग्राहकाकडे एक जुनी बाटली होती, त्याला माझ्या पाच बाटल्या देऊन मी ही एक घेतली. पाऊण भरलेली. ती संपली की संपली, पुन्हा कुठे मिळायची नाही. म्हणून मी ती वर्षातून दोनदाच लावायचो. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीनंतर आणि लग्नाच्या वाढदिवसाला.

पार्सल उघडलं त्या दिवशी आबा ओसरीवर चहा पीत होते. मी मनगटावर एक फवारा मारला. आबांनी बशी खाली ठेवली, मान वर केली आणि माझा हात ओढून नाकाशी धरला.

"आरं, ह्याला तर गोठ्याचा वास हाय."

"आबा, ऊद हाय तो. जगातला सगळ्यात भारी वास मानत्यात."

"गोठाच हाय. सकाळी झाडायच्या आधीचा." मग घरात बघून मोठ्याने, "सूनबाई, ऐकलं का? घरात चार गायी आसून ह्यानं गोठ्याचा वास पार्सलनं मागावला."

बायको हसत बाहेर आली. मी चिडून आत गेलो. पण खरं सांगायचं तर आबांचं बरोबर होतं. आमच्या ग्रुपवरचे जाणकारसुद्धा या जातीच्या ऊदाला गोठाच म्हणतात. ते इंग्रजीत म्हणतात आणि त्यात त्यांना मोठेपणा वाटतो, एवढाच फरक.

ही गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. पुढचं सगळं यंदाच्या हिवाळ्यापासून घडलं.

दिवाळीनंतर आबांना ताप आणि सर्दी झाली. आठ-दहा दिवसांत उतरली. नंतर ते जरा चिडखोर झाले, एवढंच माझ्या ध्यानात आलं. संक्रांतीच्या सुमाराला शेजारच्या वस्तीवर मुरघासाचा खड्डा उघडला, आबांना बोलावलं, आबांनी मूठ नाकाशी धरली आणि "घाल" म्हणाले. त्या शेजाऱ्याच्या दोन गायी पडल्या. मेल्या नाहीत, पण डॉक्टर आठवडाभर येत होता. त्यानंतर कुणाचा निरोप आला की आबा "गुडघं दुखत्यात" सांगायचे. मग एकदा डेअरीवरून आमचंच दूध वास येतो म्हणून परत आलं. आबा त्या मापाड्याशी भांडले. मग एकदा चुलीवर दूध करपून काळं झालं, घरभर वास, आणि आबा तीन हातांवर बसून कानाला रेडिओ लावून ऐकत होते. मी ओरडलो, "आबा, तिथंच बसलाय ना तुमी?" ते रेडिओ बंद करून उठले. मी बायकोला म्हणालो, म्हातारपण आलं, दुसरं काय. तिनेही मान हलवली.

इकडे माझ्यापुढे वेगळंच संकट उभं होतं. ऊदाची बाटली कमी होत होती.

वर्षातून दोनदा वापरायची वस्तू मी रोज कशाला बघेन? पण महाशिवरात्रीला पेटी उघडली आणि बाटली उचलली तर हाताला हलकी लागली. अर्ध्यावर आली होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी लेबलवर पेन्सिलीने बारीक रेघ ओढली. आठवड्याने बघितलं, तर पातळी रेघेच्या खाली. पुन्हा रेघ ओढली, पुन्हा खाली. बाकीच्या चाळीस बाटल्यांना कुणी हात लावत नव्हतं. जो कोण होता तो नेमकी हीच उचलत होता.

माझा संशय मेव्हण्यावर. तो आमच्या गल्लीच्या तोंडाशीच पूजेच्या साहित्याचं दुकान चालवतो, तेल, रुईच्या माळा, काळ्या बाहुल्या. दिवसातून दोनदा पाणी प्यायला आमच्याकडे येतो. शिवाय त्याला स्थळं बघणं सुरू होतं. मी सरळ त्याला गाठलं आणि विचारलं. बरं, विचारलं म्हणजे काय, झापलंच.  "दाजी, मला त्यातलं कंचं काय हाय ते बी ठावं न्हाई," तो बिचारा म्हणाला आणि पाणी न पिता गेला. त्या दिवशी बायको माझ्याशी बोलायची बंद झाली, ती सोळा दिवस. भाकरी ताटात पडायची, पण टाकल्यासारखी. सोळाव्या दिवशी तोंड उघडलं ते एवढंच विचारायला, "एका बाटलीपायी माझ्या भावाला चोर म्हणालात, आता मी माहेरी कोणत्या तोंडाने जाऊ?" मी म्हणालो, मी चोर म्हणालो नाही, फुसकन मारणारा म्हणालो. हे बोलायला नको होतं. आणखी चार दिवस वाढले.

बाटली कमी होतच होती. मेव्हणा येत नव्हता, तरी.

दुसऱ्या कुठल्या गावात माणसाने साधं एक कुलूप आणून लावलं असतं आणि विषय संपला असता. आमच्याकडे कुलूप लावलं तर घरात रामायण. बाटली कारखान्यात नेऊन ठेवावी, तर तिथे चाळीस अंशांत उकडून निघेल. मी दोन दिवस विचार केला आणि मग केमिस्टाच्या डोक्यातून निघायची ती युक्ती निघाली. उरलेला ऊद मी लॅबमधल्या एका औषधाच्या काळ्या बाटलीत ओतला, तिच्यावर 'फिनेल' लिहिलं आणि ती गोठ्यातल्या कोनाड्यात, खऱ्या फिनेलच्या मागे ठेवून दिली. गोठा गार असतो आणि फिनेलला कुणी हात लावत नाही. मूळ बाटली गरम पाण्याने चार वेळा धुतली, तिच्यात पाणी भरलं आणि रंग यावा म्हणून कोऱ्या चहाचे दोन थेंब टाकले. बाटली पुन्हा पेटीत, जागच्या जागी. आता जो फुसकन मारील त्याला काहीच वास येणार नाही, आणि आज ना उद्या तो स्वतःच येऊन विचारील, तुमच्या सेंटला झालंय काय? मग मी त्याला धरणार होतो. मी स्वतःवर इतका खूश होतो की ग्रुपवरसुद्धा सांगितलं. सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं टाकली.

दिवस जात राहिले. कुणी आलं नाही. पाणी मात्र कमी होत होतं, आणि पहिल्यापेक्षा भराभर. मी हैराण झालो. असला कसला माणूस, ज्याला वास नसलेला सेंट चालतो?

याच दिवसांत एका सकाळी आबा म्हणाले, "गायी इकायच्या."

"का?"

"बास झालं. व्हत न्हाई आता."

मी फार खोदून विचारलं नाही. खरं म्हणजे मला बरंच वाटलं. दूध परत येणं, डॉक्टरला फोन, शेण, भांडणं, सगळ्याला मी कंटाळलो होतो. बायको म्हणाली, "आबा एवढ्यात गायी विकतील असं वाटलं नव्हतं." मी म्हणालो, चांगलंच आहे, आराम करतील. शुक्रवारी घोडेगावच्या बाजाराला टेम्पो लागला. तीन होलस्टिन आणि एक गावठी तांबडी, जी माझ्या गेलेल्या आईच्या हातची होती, वासरू होती तेव्हापासूनची. आबा टेम्पोत मागे उभे राहून गेले. संध्याकाळी दावी हातात गुंडाळून परत आले, दावी खुंटीला अडकवली आणि न जेवता झोपले.

रविवारी दुपारी गळीत संपल्यामुळे मी घरीच होतो. बायको मेव्हण्याच्या दुकानावर गेली होती. पाणी प्यायला उठलो तर मागच्या खोलीतून पेटीचं झाकण वाजल्याचा आवाज आला. मी पाय न वाजवता गेलो. इतक्या महिन्यांचा राग एका जागी जमला होता. आज सापडला, एवढंच मनात होतं.

आबा जमिनीवर बसले होते. पेटी उघडी होती, गोधडी बाजूला घडी करून ठेवलेली. त्यांनी मनगटावर फवारा मारला, नाकाशी धरलं, डोळे मिटले. मग दुसऱ्या हातावर मारला. मग बाटलीचं तोंडच नाकाला लावलं आणि लांब श्वास ओढला. मी दारात, म्हणजे पडद्यात, उभा होतो. 

त्यांनी मला पाहिलं, पण बाटली लपवली नाही.

"तापात वास गेला माझा," ते म्हणाले. "कशाचाच येत न्हाई. शेजाऱ्याच्या गायी माझ्यामुळं पडल्या. आपलं दूध परत आलं तवा म्या भांडलो, पर मला कुठं कळत हुतं चांगलं का वाईट? कुनाला सांगायचं? हितं नाकावरच तर समदी बोलवायची मला."

"मंग हे?"

"गोठ्यात नाक घालून बघायचो, काय बी येत न्हवतं. मंग तुझी ही बाटली आठावली. हिचा वास तसलाच आन् लई जोरकस. रोज मारून बघायचो, मंग हात धुऊन गोठ्यात जायचो. माघात काय न्हाई. शिमग्याच्या म्होरं एकदा थोडंसं आलं, आसं लांबून. मंग रोज जरा जरा जास्ती. म्हनलं, येतंय माघारी. थोडं दिस कळ काढू." त्यांनी बाटली पुन्हा नाकाशी धरली. "आन् एक दिस एकदम बंद. कायच न्हाई. पार गेलं. धा-बारा दिस वाट बघितली. मंग म्हनलं, हे काय आता येत न्हाई. ज्याला मुरघास कळत न्हाई त्यानं गायी ठिवू नयेत, उगा मुक्या जनावराला मारायचं."

मी तिथेच पेटीला टेकून खाली बसलो.

"आबा, त्यात पानी हाय."

"आं?"

"पानी. म्याच भरलंय. चोर धरायला."

 त्यांनी बाटली उजेडात धरून बघितली, जसं काही आता दिसणार होतं.

"कवाधरनं?"

"तीन आठवडं झालं."

ते बोटांवर मोजू लागले. मधेच थांबले. मी उठलो, उन्हातून गोठ्यात गेलो आणि कोनाड्यातून फिनेल लिहिलेली बाटली काढली.  परत आलो, आबांच्या मनगटावर थेंब टाकला. फवारा नव्हता, नुसता थेंब. माझी चीड कुठल्या कुठे गेली होती आणि जी उरली होती ती सगळी माझ्या स्वतःवर होती. एकेचाळीस वास वेगळे ओळखणारा माणूस मी. ओसरीत शेजारी बसलेल्या बापाचं नाक पाच महिने बंद होतं, ते मला कळलं नाही.

आबांनी मनगट नाकाशी नेलं. डोळे मिटले नाहीत. माझ्याकडेच बघत होते.

"हाय," ते म्हणाले. "गोठाच हाय."

मी म्हणालो, पुढच्या शुक्रवारी बाजाराला जाऊ, गायी शोधू, कुणी घेतल्या ते व्यापाऱ्याला ठाऊक असेल. त्यांनी नकाराची मान हलवली. व्यापाऱ्याने त्याच संध्याकाळी दोन टेम्पोंत वेगवेगळ्या दिशेला माल भरला होता, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ते गुडघ्यावर हात टेकून उठले, मोरीत जाऊन मनगट साबणाने खसखसून धुतलं, पंच्याला पुसलं आणि गोठ्याकडे चालू लागले.

मी बाहेर उभा राहिलो. तासभर ते आले नाहीत. शेवटी मी आत गेलो. खुंट्यांच्या मधे, रिकाम्या गव्हाणीशी, उलट्या घमेल्यावर ते बसले होते. शुक्रवारपासून गोठा कुणी झाडला नव्हता.

"आबा, येतोय का वास?"

"येतोय," आबा म्हणाले. "तांबडीच्या जागी जरा जास्ती."